चिंगीचा पंप : कुत्र्याला इनहेलर देण्याची पद्धत, पहिल्या दिवसापासून

आमची चिंगी अकरा वर्षांची आहे. पांढरी, झुपकेदार शेपटीची, आपल्याकडे सगळे जिला सर्रास पॉमेरेनियन म्हणतात त्या स्पिट्झ जातीची. गेली तीन वर्षं जुनाट खोकल्यासाठी तिला दिवसातून दोनदा पंप द्यावा लागतो, दम्याच्या माणसांना देतात तोच. सुरुवातीचे दहा दिवस मी तो चुकीचा दिला. तिला मांडीत घट्ट धरायचं, तोंडावर मास्क दाबायचा, पंप मारायचा. ती मान झटकून पलंगाखाली जायची आणि मी औषध दिलं असं धरून कॅलेंडरवर खूण करायचे. खोकला तसाच. शेवटी डॉक्टरांनी समोर करून दाखवायला सांगितलं. बघून म्हणाले, "ताई, यातलं काहीच तिच्या छातीत गेलेलं नाही."

त्या दिवसापासून मी उलटीकडून सुरुवात केली. आधी आठ दिवस नुसता मास्क, औषध नाही. मग औषध. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. कुत्र्याने शांतपणे सात-आठ श्वास घेतले तरच पंप हे औषध आहे. नाहीतर तो फक्त महागडा फवारा.

आधी खोकला कुठून येतोय ते कळू द्या

पंप आणायच्या आधीची ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि नेमकी हीच लोक गाळतात. घरात आजोबांचा पंप असतो, कुत्र्याला धाप लागलेली दिसते, आणि हात पंपाकडे जातो. तसं करू नका.

कुत्र्यांची ॲलर्जी बहुतेक वेळा कातडीवर दिसते. पंजे चाटत बसणं, कान खाजवणं, पोटाकडची कातडी लाल होणं. त्यावर पंपाचा काही उपयोग नाही, त्याची औषधं वेगळी. माणसासारखा किंवा मांजरासारखा खरा दमा कुत्र्यांत क्वचितच आढळतो. ज्या आजारांत पंप खरोखर कामाला येतो ते मुख्यतः दोन. पहिला, श्वासनलिकांची जुनाट सूज, म्हणजे क्रॉनिक ब्राँकायटिस. दुसरं काही कारण सापडत नाही आणि दोन महिन्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज खोकला येतोय, तर डॉक्टर याचा विचार करतात. दुसरा ॲलर्जीच्या जातीचा, ज्यात इओसिनोफिल नावाच्या पेशी श्वासनलिकांत आणि फुफ्फुसात साचतात. याशिवाय लहान जातींमध्ये श्वासनलिका चपटी पडण्याचा आजार असतो. त्यात हंस ओरडल्यासारखा कोरडा, मोठा खोकला येतो. तिथे पंप मदतीला येऊ शकतो, पण सैल झालेली नलिका तो ताठ करू शकत नाही. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांची घरघर नाकपुड्या आणि टाळूच्या रचनेमुळे असते. तीही पंपाने जात नाही.

सगळ्यात मोठा धोका हृदयाच्या खोकल्याचा. लहान जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयाची झडप गळायला लागते, हृदय मोठं होतं, पुढे फुफ्फुसात पाणी साचतं, आणि बाहेरून दिसतो तो खोकला आणि धाप. तिथे लागतं लघवीवाटे पाणी काढणारं औषध आणि हृदयाची गोळी. घरचा पंप देत बसलात तर मोलाचे दिवस वाया जातात, आणि सॅलब्युटामॉलसारख्या नलिका सैल करणाऱ्या पंपाने हृदयाचे ठोके आणखी वाढतात. न्यूमोनिया असेल तर पंपातल्या स्टेरॉइडने संसर्ग बळावू शकतो. पाचसहा दिवसांपूर्वीच कुत्र्याला बोर्डिंगमध्ये ठेवलं असेल आणि आता ते जोरजोरात खोकत असेल तर तो बहुधा केनेल कफ, म्हणजे संसर्ग.

अजून एक गोष्ट सांगते, कारण तिच्या भीतीने आम्ही एकदा रात्री अकराला दवाखाना गाठला होता. कुत्रं अचानक मान ताणून उभं राहतं आणि नाकातून घोरल्यासारखा आवाज करत झटक्याझटक्याने श्वास आत ओढतं. अर्ध्या मिनिटात सगळं थांबतं आणि ते खेळायला लागतं. ही उलटी शिंक. दिसायला भयंकर, पण अधूनमधून आली तर काळजीचं कारण नसतं. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. खोकला असो की शिंक, डॉक्टरांसमोर कुत्रं ते कधीच करून दाखवत नाही.

तपासणीत छातीचा एक्स-रे लागतोच. स्टेथोस्कोपमध्ये हृदयाचा फुसफुस आवाज आला तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. शिवाय रक्त आणि विष्ठेची तपासणी, कारण काही जंत फुफ्फुसाच्या वाटेने जातात. दुर्बीण घालून श्वासनलिकेतला द्राव काढणं ही खात्रीची तपासणी, पण त्याला भूल लागते आणि सोय सगळीकडे नसते. खासगी दवाखाना परवडत नसेल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत चौकशी करा. परळचं महाविद्यालय तर १८८६ सालापासून चालू आहे.

गोळी स्वस्त असताना पंप कशाला

सुरुवात बहुधा गोळीनेच होते. प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड. चिंगीचा खोकला चार दिवसांत निम्म्यावर आला. पण महिन्याभरात तिचं पाण्याचं भांडं दिवसातून चारदा भरावं लागायला लागलं, रात्री दोनदा खाली न्यावं लागायचं, आणि भूक इतकी की स्वयंपाकघराचं दार लावून घ्यावं लागे. वजन वाढलं. श्वासाच्या आजारात वाढलेलं वजन म्हणजे छातीवर ठेवलेलं ओझं. गोळी दीर्घकाळ चालली तर स्नायू झडतात, कातडी पातळ होते, पोट लोंबतं, आणि स्टेरॉइडमुळेच कुत्रं जास्त धापतं. मग धाप आजाराची की औषधाची हेही कळेनासं होतं.

पंपातलंही औषध स्टेरॉइडच, पण मायक्रोग्रॅममध्ये मोजलेलं आणि थेट श्वासनलिकेत उतरणारं. रक्तात जातं ते थोडं. पण थोडं का होईना जातं, म्हणून डॉक्टरांना न विचारता एकाएकी बंदही करायचं नाही. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असू शकतं. पण पाणी, भूक, वजन यांचा त्रास पंपावर खूप कमी होतो. चिंगीचा तरी झाला.

दोन जातींचे पंप, त्यांची गल्लत नको

एक सूज उतरवणारा. त्यात फ्लुटिकासोन किंवा बुडेसोनाइड असतं. आपल्याकडे फ्लोहेल, बुडेकॉर्ट ही नावं ओळखीची. हा रोज द्यायचा, खोकला असो वा नसो. याचा गुण यायला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीला गोळी चालूच ठेवतात आणि नंतर हळूहळू कमी करत आणतात. तिसऱ्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून पंप बाजूला ठेवणारे खूप जण भेटलेत मला.

दुसरा नलिका सैल करणारा. सॅलब्युटामॉल, म्हणजे अस्थॅलिन, किंवा लेव्होसॅलब्युटामॉल. हा काही मिनिटांत काम करतो आणि काही तासांत उतरतो. सूज त्याने उतरत नाही. कुत्र्यांत नलिका आवळण्याचा भाग मांजरांपेक्षा कमी असल्याने याची गरजही कमी पडते. डॉक्टरांनी सांगितला असेल तरच, सांगितला तेवढाच. तो रोज रोज देऊन खोकला दाबत राहणं चुकीचं आहे.

औषधाच्या दुकानात चिठ्ठीवरचं नाव आणि खोक्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. 'हा नाहीये, तो घ्या, सारखाच आहे' असं म्हणून दोन औषधं एकत्र असलेला पंप हातात पडू शकतो. सेरोफ्लो, फोराकॉर्ट या पंपांत स्टेरॉइडबरोबर दीर्घकाळ चालणारं नलिका सैल करणारं औषधही असतं. काही वेळा डॉक्टर तेच मुद्दाम लिहून देतात, पण ते त्यांनी ठरवायचं. आणि कॅप्सूल घालून ओढायचा रोटाहेलर कुत्र्याच्या काहीच कामाचा नाही. त्यातली पावडर ओढायला जोरात, ठरवून श्वास घ्यावा लागतो. कुत्र्याला लागतो तो धातूच्या डब्यातून फवारा मारणारा पंप.

मात्रा बऱ्याचदा फ्लुटिकासोन १२५ मायक्रोग्रॅमचा एक फवारा, बारा तासांच्या अंतराने दिवसातून दोनदा, अशी सुरू होते. हा आकडा तुम्हाला डॉक्टरांचं बोलणं समजावं म्हणून दिला आहे, स्वतः सुरू करण्यासाठी नाही.

सामान : नळी आणि मास्क

पंप नुसता कुत्र्याच्या तोंडापुढे धरून दाबला तर औषध जिभेवर आणि नाकाच्या टोकावर बसतं. डब्यातून निघणारा फवारा फार वेगात असतो. मध्ये एक नळकांडं लागतं, ते म्हणजे स्पेसर. त्यात फवाऱ्याचा वेग मोडतो, मोठे थेंब भिंतीला चिकटतात आणि पाचेक मायक्रॉनपेक्षा बारीक कण हवेत तरंगत राहतात. तेच खाली छातीपर्यंत पोहोचतात. शिवाय दाबण्याची आणि श्वास ओढण्याची वेळ जुळवावी लागत नाही.

स्पेसर झडपेचाच घ्या. कुत्र्याने श्वास घेतला की झडप उघडते, सोडला की मिटते, उच्छ्वास नळीत परत जात नाही. ती हलताना दिसली म्हणजे श्वास मोजता येतात, आणि मास्क नीट बसलाय हेही कळतं.

कुत्र्यांसाठी खास बनवलेला स्पेसर एरोडॉग नावाने मिळतो. त्यावर श्वासागणिक हलणारी पट्टी असते. तो परदेशी आणि महाग. चिंगीला आम्ही लहान बाळांचा झडपेचा स्पेसर आणि त्याचा सिलिकॉनचा मास्क वापरतो. औषधाच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो. तिचं तोंड आखूड असल्याने तो बसतो. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड किंवा आपल्या गावठी कुत्र्यांचं तोंड लांबोडकं असतं, त्यांना बाळाचा मास्क नुसता नाकावर बसतो आणि कडेने सगळी हवा गळते. त्यांच्यासाठी लांब मास्कच घ्यायला हवा. मास्कमध्ये नाक आणि ओठांच्या कडा दोन्ही मावल्या पाहिजेत, डोळ्यांवर दाब यायला नको, आणि भोवतीच्या केसांतून फट राहायला नको. चिंगीच्या गालांवरचे केस मी दर पंधरा दिवसांनी कापते.

आठ दिवस : मास्कशी मैत्री

डॉक्टरांना विचारून घ्या की तोवर गोळ्या चालू ठेवायच्या का. बहुतेक वेळा ठेवतातच, त्यामुळे या आठ दिवसांत कुत्र्याचं नुकसान होत नाही.

पहिले दोन दिवस मास्क फक्त जमिनीवर पडू द्या, जेवणाच्या भांड्याशेजारी. त्याच्याकडे पाहिलं, हुंगलं, की खाऊ. मास्क तुमच्या हातात नसेल एवढंच बघा. कुत्र्याला वस्तूची भीती नसते, वस्तू घेऊन अंगावर येणाऱ्या माणसाची असते.

तिसऱ्या दिवशी मास्क हातात धरा, ओंजळीसारखा, उघडी बाजू कुत्र्याकडे. आत खाऊ. चिंगीला घट्ट दही आवडतं. उकडलेल्या चिकनचा तुकडा, चीज, पनीर, काहीही चालेल. शेंगदाण्याचं बटर वापरणार असाल तर डब्यावर झायलिटॉल लिहिलेलं नाही ना ते बघा. ती साखरेसारखी गोडी कुत्र्यांना विषारी आहे. नियम एकच : मास्क नाकाकडे न्यायचा नाही, नाक मास्ककडे आलं पाहिजे. पहिल्यांदा चिंगीने आपणहून तोंड आत घातलं तेव्हा मला हुंदका आला होता, इतकी ती आधीच्या दहा दिवसांनी बिथरली होती.

चौथ्या-पाचव्या दिवशी तोंड आत असतानाच एक सेकंद थांबा, मग दोन, मग पाच. काढायचा तो तिने मान मागे ओढायच्या आधी. तिने ओढल्यावर काढलात तर मान ओढली की मास्क जातो हे ती शिकते, आणि एकदा शिकली की विसरवणं कठीण. यावेळी एक शब्द लावा. आम्ही 'पंप' म्हणतो. आता तो शब्द ऐकला की ती आपल्या चटईवर जाऊन बसते.

सहाव्या-सातव्या दिवशी मास्कला स्पेसर जोडा. त्याचं वजन, प्लास्टिकचा वास, झडपेची टकटक या सगळ्याची सवय व्हायला हवी. दहा सेकंदांपर्यंत पोहोचा. खाऊ आता आत न ठेवता मास्क काढल्यावर द्या. दह्याने बरबटलेल्या मास्कमधून औषध द्यायचं नसतं.

उरला आवाज. पंपाचा तो 'स्स्स' कुत्र्यांना सापासारखा वाटतो की काय कोण जाणे, पण दचकतात खूप. मी आधी तोंडानेच हळू 'स्स' करायचे आणि खाऊ द्यायचे. मग पंपाचा आवाज दुसऱ्या खोलीतून, मग दाराशी, मग जवळ. नवीन पंपाचे पहिले दोन-तीन फवारे हवेत सोडावेच लागतात, तेच या कामी आणा. खिडकीबाहेर सोडा, खोलीत नको.

कुणाचं कुत्रं चार दिवसांत तयार होतं, कुणाचं तीन आठवडे घेतं. दत्तक घेतलेली, मार खाल्लेली कुत्री जास्त वेळ घेतात. एखाद्या टप्प्यावर अडलं तर आदल्या टप्प्यावर परत या. दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी दोनच मिनिटं.

पहिला फवारा

वेळ जेवणाच्या अगोदरची धरा. फिरून आल्याबरोबर नको. धापणारं कुत्रं तोंडाने श्वास घेतं आणि औषध जिभेवर राहतं. अर्धा तास जाऊ द्या, तोंड मिटू द्या. एप्रिल-मेमध्ये आम्ही सकाळचा पंप सहाच्या आत आणि संध्याकाळचा कूलरसमोर देतो.

तुम्ही जमिनीवर बसा. कुत्र्याला समोरून सामोरं जायचं नाही, त्याची पाठ तुमच्याकडे हवी. लहान असेल तर दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये, मोठं असेल तर भिंतीला टेकून तुमच्या बाजूला.

१. पंपाचं टोपण काढा, आत काही अडकलेलं नाही ना पाहा. पाच-सहा वेळा चांगला हलवा. औषध तळाशी बसलेलं असतं, न हलवता दाबलं तर मात्रा कमी-जास्त होते.

२. पंप स्पेसरच्या मागच्या भोकात सरळ, उभा बसवा.

३. एक हात हलकेच हनुवटीखाली. मास्क बाजूने आणा आणि नाकातोंडावर टेकवा. एक-दोन श्वास नुसतेच जाऊ द्या. झडप हलतेय का पाहा. हलत नसेल तर कुठूनतरी गळतंय, आधी ते बघा.

४. पंप एकदाच दाबा.

५. मास्क न हलवता सात ते दहा श्वास मोजा. आम्ही मोठ्याने मोजतो, 'एक… दोन… शहाणी गं… तीन…' शांत कुत्र्याला याला वीस ते तीस सेकंद लागतात. आवाजाचा एक संथ सूर राहिला की श्वासही संथ राहतो.

६. दोन फवारे सांगितले असतील तर मास्क काढा, अर्धा-एक मिनिट थांबा, पंप पुन्हा हलवा, पुन्हा सगळं. दोन्ही एकाच वेळी नळीत सोडायचे नाहीत. थेंब एकमेकांना चिकटून जड होतात आणि नळीतच बसतात.

७. ओल्या फडक्याने नाकाभोवतीचे केस पुसा. स्टेरॉइड रोज कातडीवर राहिलं तर ती नाजूक होते. मग लगेच जेवण किंवा पाणी, म्हणजे तोंडात राहिलेलं धुतलं जातं.

मध्येच कुत्र्याने मान काढून घेतली तर? पाच श्वास झाले असतील तर सोडून द्या. एक-दोनच झाले असतील तर लगेच दुसरा फवारा मारू नका. मास्क परत टेकवून बघा, नाहीतर पुढच्या वेळेची वाट पाहा. सूज उतरवणाऱ्या पंपाची एक वेळ हुकली म्हणून काही बिघडत नाही. झटापट झाली तर मात्र आठ दिवसांची मेहनत जाते.

आवाजाला अजिबात न सरावणाऱ्या कुत्र्यांसाठी एक वाट आहे : मास्क लांब धरून फवारा आधी नळीत सोडायचा आणि एक-दोन सेकंदांत तोंडावर टेकवायचा. थोडं औषध वाया जातं, पण काहीच न मिळण्यापेक्षा बरं. शेजारच्या काकांच्या बीगलला दोन महिने असंच देत होते, मग हळूहळू नेहमीच्या पद्धतीवर आणलं.

धुणं, मोजणं, ठेवणं

स्पेसर आठवड्यातून एकदा धुवायचा. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, सुटे भाग बुडवून हलवायचे, काढायचे, उभे करून वाळवायचे. फडक्याने पुसायचं नाही. घासलं की प्लास्टिकवर स्थिर वीज बसते आणि औषधाचे कण ओढून घेते. एरवी रात्रीच्या पंपानंतर धुवा. पावसाळ्यात वाळायला दीड-दोन दिवस लागतात, त्यामुळे तेव्हा दुसरा स्पेसर जवळ ठेवा. ओल्या नळीतून औषध देऊ नका. धातूचा डबा पाण्यात घालायचा नाही. बाहेरचं प्लास्टिक मात्र धुवा, त्याचं बारीक भोक औषधाने बुजतं.

पंप संपला हे हातात धरून कळत नाही. औषध संपल्यावरही आत वायू उरतो आणि 'स्स' आवाज येतच राहतो. डबा पाण्यात टाकून तरंगतो का बघण्याची जुनी युक्ती भरवशाची नाही. डब्यावर १२० मात्रा लिहिल्या असतील आणि रोज दोन लागत असतील तर तो साठ दिवसांचा. सुरू केल्याची तारीख मार्करने डब्यावरच लिहा. मोजणी यंत्र असलेला पंप मिळाला तर उत्तम. घरात माणसाचाही पंप असेल तर कुत्र्याच्या पंपावर रंगीत पट्टी चिकटवा.

उन्हात उभ्या गाडीत पंप ठेवू नका. दाबाखालचा डबा आहे तो, नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर फुटू शकतो.

पंप चावला तर

ही गोष्ट ठळक अक्षरांत लिहायला हवी होती : कुत्र्याने सॅलब्युटामॉलचा पंप चावून फोडला तर तो जीवघेणा प्रसंग आहे. एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम असतात, पण डब्यात २०० फवारे. म्हणजे २० मिलिग्रॅम औषध एका क्षणात तोंडात. हृदयाचे ठोके बेफाम वाढतात, रक्तातलं पोटॅशियम घसरतं, अंग थरथरतं, उलट्या होतात. डब्यातल्या वायूने जीभ आणि हिरड्या गारठून भाजल्यासारख्या होतात. लक्षणांची वाट न पाहता फुटलेला डबा बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठा. वेळेत पोटॅशियम आणि ठोके आवरणारं औषध मिळालं तर बहुतेक कुत्री वाचतात. खाऊशी नातं जुळल्याने पंप कुत्र्याला आकर्षक वाटायला लागतो. म्हणून तो उंच, बंद कपाटात. पाहुण्यांच्या पर्समधलाही.

घरातली हवा

पंप दिला आणि देवघरात उदबत्ती तशीच चालू, याला अर्थ नाही. कुत्र्याचं नाक जमिनीपासून हातभर उंचीवर असतं, आणि डासांची कॉइल, धूप, फिनेलची वाफ, फरशीवरची पावडर, सगळं तिथेच. आमच्या घरी आजी रोज धूप घालायची. तिला मी समजावलं तेव्हा ती म्हणाली, "लेकराला त्रास होत असेल तर देव रागावणार नाही." तेव्हापासून फक्त निरांजन. डासांसाठी जाळी. फरशी साध्या पाण्याने. फोडणी देताना चिंगी गॅलरीत. घरात सिगारेट ओढणारं कुणी असेल तर दुसरं काही करण्याआधी ते थांबवा. दिवाळीचे चार दिवस आम्ही खिडक्या बंद ठेवतो आणि त्याआधीच डॉक्टरांशी बोलून घेतो. कोकणात किंवा मुंबईत भिंतींना ओल येत असेल तर कुत्र्याची गादी त्या भिंतीपासून हलवा, बुरशी वाईट.

गळपट्टा काढून हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, वापरा. गळपट्टा ओढला की श्वासनलिका दाबली जाते आणि ढास सुरू होते. वजन उतरवा. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, दिसल्या नाही तरी चालेल. माणसांचं खोकल्याचं सिरप, क्रोसिन, कॉम्बिफ्लाम यांतलं काहीही देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन कुत्र्याचं यकृत, मूत्रपिंड आणि रक्त बिघडवू शकतात.

झोपेतला श्वास मोजा

खोकला किती वेळा आला हे लक्षात राहत नाही, आणि डॉक्टरांनी विचारलं की आपण 'बरा आहे हो' म्हणतो. मी एक शंभर पानी वही केली आहे. रोज रात्री चिंगी गाढ झोपली की छाती वर-खाली होण्याचे श्वास अर्धा मिनिट मोजायचे आणि दुप्पट करायचे. वर-खाली मिळून एक. स्वप्नात पाय हलवत असेल तेव्हा मोजायचं नाही. झोपेतले श्वास मिनिटाला तीसच्या आत असावेत. दोन-तीन दिवस सलग तीसच्या वर जायला लागले तर फोन करा, चाळिसाच्या वर असतील तर त्याच दिवशी दाखवा. हृदयाचा आजार लपलेला असेल तर बहुतेक वेळा तोही आधी याच आकड्यात दिसतो.

आणि काही खुणा दिसल्या तर वहीही नको, पंपही नको, सरळ गाडी काढा : हिरड्या किंवा जीभ निळसर, राखाडी किंवा पांढरी फटक. कोपरं बाहेर काढून, मान ताणून उभं राहणं आणि आडवं होताच न येणं. श्वासागणिक पोट आत ओढलं जाणं. कोसळणं. डॉक्टरांनी अशा वेळेसाठी सॅलब्युटामॉल लिहून दिलं असेल तर सांगितलेले फवारे निघता निघता द्या, पण गुण येतोय का बघत घरी थांबू नका. जास्त फवारे मारत बसू नका. गाडीत एसी लावा, तोंड बांधू नका, कुशीत घट्ट कवटाळू नका. त्याला छाती फुलवायला जागा हवी असते. आधी फोन करून ऑक्सिजन आहे का विचारा. आमच्या फ्रिजवर रात्री उघडा असणाऱ्या दोन दवाखान्यांचे नंबर चिकटवलेले आहेत, त्यातल्या कुठे ऑक्सिजन आहे ते मी दिवसा स्वतः जाऊन बघून आले.

चिंगीचा खोकला शून्यावर आलेला नाही. जुनाट ब्राँकायटिस पूर्ण बरा होत नाही, आणि डॉक्टरांनी ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. थंडीत सकाळी दोन-तीनदा ती ढासते. पण गोळी आता पूर्ण बंद आहे, वजन पावणेदोन किलोने उतरलंय, आणि ती पुन्हा जिना स्वतः चढते. संध्याकाळी सात वाजता कपाटाचं दार वाजलं की चटईवर जाऊन पाठ करून बसते, मास्कची वाट बघत.